थैलीचा भागाकार : एका एसटी कंडक्टरचं प्रकरण

रुग्ण ३८ वर्षांचे, एसटीत कंडक्टर. नऊ वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज, व्रण आणि शौचातून रक्त. औषधांत मेसालामाइन झालं, स्टेरॉइड झाली, अ‍ॅझाथायोप्रिन झालं, शेवटी इन्फ्लिक्सिमॅबचे डोसही झाले. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, मारबतींच्या मिरवणुकीने नागपुरातल्या इतवारी-महालचे रस्ते गच्च भरलेले असताना, त्यांना वळसा घालून धंतोलीत आमच्याकडे आणलं. दिवसाला वीसेक वेळा रक्ताची शौच, हिमोग्लोबिन ६.८, रक्तातलं प्रथिन अल्ब्युमिन २.१. त्या रात्री जीव वाचवणं एवढंच काम होतं. मोठं आतडं काढलं, गुदाशय आत तसाच ठेवला, लहान आतड्याचं तोंड पोटावर आणलं. यालाच स्टोमा म्हणतात, त्यातून येणारं पोटावर चिकटवलेल्या पिशवीत जमतं. (त्यांच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पुढचे सहा महिने माणूस सुधारला. स्टेरॉइड सुटली, वजन नऊ किलोंनी वाढलं. हिवाळ्यात संत्री आली तेव्हा फोडीचा पापुद्रा काढून नुसता गर खायचा, एवढंच पथ्य त्यांना जड गेलं. पापुद्र्याचा बोळा स्टोमाच्या तोंडाशी अडकून पोट फुगल्याचे रुग्ण या शहरात दर मोसमात दिसतात. मग मार्चमध्ये दुसरं ऑपरेशन : गुदाशय काढायचा आणि लहान आतड्याचीच थैली शिवून गुदद्वाराला जोडायची.

इथे शब्दांचा एक घोळ सांगायला हवा. मराठीत पोटावर चिकटवायची ती पिशवी आणि आत शिवलेली तीही पिशवी. त्यामुळे घरच्यांना वाटत होतं की ऑपरेशननंतर पोटावरची पिशवी कापून आत ढकलणार. मी कागदावर चित्र काढून दाखवलं. लहान आतड्याचा शेवटचा ३० ते ४० सेंटिमीटर भाग घ्यायचा, ‘जे’ अक्षरासारखा दुमडायचा, शेजारी-शेजारी आलेल्या दोन नळ्यांमधली भिंत स्टेपलरने कापत-शिवत जायचं. त्यांची बायको ब्लाऊज शिवते. तिने चित्राकडे पाहिलं आणि म्हणाली, “म्हणजे दोन बाह्या उसवून एक थैली शिवली म्हणा ना जी.” इतकं नेमकं मला विद्यार्थ्यांसमोर कधी सांगता आलेलं नाही. तेव्हापासून आमच्या ओपीडीत बाहेरची ती पिशवी आणि आतली ती थैली.

उसवून शिवण्यामागे कारण आहे. लहान आतड्याची जन्माची सवय पुढे ढकलण्याची. नुसती नळी गुदद्वाराला जोडली तर आलेलं सगळं ती तडक बाहेर फेकते. १९४० च्या दशकात तसं करून पाहिलेलं आहे आणि रुग्णांचे हाल झालेले आहेत. दुमडून कापलेल्या भिंतीत मात्र एका बाजूची लाट खाली येते तेव्हा दुसरीकडची वर जाते आणि ढकलण्याचा जोर आपसात मोडतो. शिवाय नळीपेक्षा थैली रुंद, म्हणून तेवढाच माल भरला तरी आतला दाब कमी. थांबवून धरण्याची ताकद थैलीत नसतेच. ती गुदद्वाराच्या स्नायूंत असते. थैली फक्त त्या स्नायूंवर एकदम भार येऊ देत नाही.

नव्या जोडणीला विश्रांती मिळावी म्हणून थैलीच्या वरच्या अंगाला आतड्याचा एक वेढा तात्पुरता पोटावर काढून ठेवतात. जेवलेलं सगळं तिथूनच बाहेर पडतं, थैली रिकामी पडून राहते. दोन-तीन महिन्यांनी तो वेढा बंद करायचा. मार्च अधिक तीन म्हणजे जून. आमचं गणित एवढंच होतं आणि ते चुकलं, कारण मध्ये मे महिना येतो हे आम्ही धरलंच नाही.

नागपूरचा मे कसा असतो ते विदर्भाबाहेरच्यांना सांगून कळत नाही. पारा ४५ च्या वर, कूलरची ताटी रात्रीसुद्धा गरम वारा फेकते. मेच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांना व्हीलचेअरवर आणलं. पायांत गोळे, डोळे खोल गेलेले, उठून बसवलं की रक्तदाब ८० च्या खाली. पिशवीतून दिवसाला अडीच लिटर पातळ पाणी जात होतं. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन २.६, रक्तातलं सोडियम १२५.

“पाणी पीत नव्हता का?” माझा पहिला प्रश्न. खरं तर तोच चुकीचा.

“काहून नाही जी मॅडम, मी तं दिवसभर पाणीच पिऊन राहिलो. पाच-सहा लिटर होते रोज. वरून उसाचा रस.”

लघवीतलं सोडियम तपासलं, लिटरमागे ७ मिलिमोल. वीसच्या खाली आलं की शरीर मिठाला मोताद झालंय असं समजायचं. म्हणजे त्यांच्यात पाण्याचा तुटवडा होता तो मिठाच्या तुटवड्यापोटी, आणि ते जितकं पाणी पीत होते तितकं मीठ आणखी गमावत होते.

हे ऐकायला उलटं वाटतं, म्हणून थोडं सविस्तर. लहान आतड्याच्या वरच्या भागाचं अस्तर गाळणीसारखं सैल असतं. त्यात बिनमिठाचं पाणी आलं की रक्तातलं सोडियम आतड्यात उतरतं आणि त्याच्यामागे पाणी. धडधाकट माणसाचं मोठं आतडं हे सगळं पुढे परत शोषून घेतं. दिवसाला साधारण दीड लिटर पाणी त्याच्या दारात येतं आणि बाहेर पडतं फक्त दीडशे मिलिलिटरच्या आसपास. ज्याला मोठं आतडंच नाही, त्याचं उतरलेलं मीठ थेट पिशवीत. उसाचा रस आणखी वाईट, कारण दाट साखर स्वतःच पाणी ओढून घेते. मीठ आणि ग्लुकोज योग्य प्रमाणात एकत्र गेलं तरच आतड्याचं दार उघडतं, दोघं हातात हात घालून आत जातात आणि पाणी त्यांच्यामागे जातं.

सलाइनवर तीन दिवस ठेवलं. नंतर साधं पाणी, चहा, ताक सगळं मिळून दिवसाला एक लिटरच्या आत, आणि तहान लागली की मिठाचं पाणी : एक लिटर पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधलं हे जुनं मिश्रण, त्यात लिटरला साधारण ९० मिलिमोल सोडियम येतं. आपल्या सरकारी ओआरएसच्या पुड्यात ७५. आम्ही चमच्यांनी सांगत नाही, कारण घरोघरचे चमचे वेगळे. त्यांच्या बायकोने स्वयंपाकाचा छोटा वजनकाटा आणला. जेवणाआधी अर्धा तास लोपेरामाइड, म्हणजे आतड्याची चाल मंदावणारं औषध. पाच दिवसांत पिशवीतलं अडीच लिटर एक लिटरच्या खाली आलं. (हे मिश्रण मोठं आतडं शाबूत असलेल्या, बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेल्या माणसाने उन्हाळ्यात सरबत म्हणून पिऊ नये. ओपीडीत एका आजोबांनी तसं केलं होतं.)

त्या मेनंतर मी घाईची नसलेली थैलीची ऑपरेशनं पाऊस सुरू झाल्याशिवाय करत नाही. पाठ्यपुस्तकात हा नियम नाही. ती पुस्तकं थंड देशांत लिहिली गेली आहेत.

जुलैअखेरीस, थैलीत औषध भरून काढलेल्या एक्स-रेत कुठेही गळती नाही हे बघून, पोटावरचा वेढा बंद केला. जोडणीपाशी एक मऊ पडदा धरला होता, तो बोटानेच मोकळा झाला. आता थैलीचं काम सुरू.

पहिल्या आठवड्यात दिवसाला सतरा वेळा. माणूस हबकला. “मॅडम, आजारात वीस वेळा जात होतो, आता सतरा. कायले केलं मग इतकं?” मी वहीच्या मागच्या पानावर भागाकार मांडला. मोठं आतडं नसलेल्या माणसातून दिवसाला, घडी बसल्यावर, साधारण ६०० ते ७०० मिलिलिटर माल येतो, पातळ खिचडीसारखा. थैली एका खेपेला जेवढं धरून रिकामं करू शकते, त्याने त्याला भागायचं. सुरुवातीला माल जास्त आणि पातळ, सव्वा-दीड लिटरही. आणि नवी थैली ताठ, ऐंशी मिलिलिटर भरली की निकड. भागा. सोळा ते एकोणीस येतं. वर्षभरात थैली ताणत तीनशे-चारशे मिलिलिटरपर्यंत जाते, अर्थात माणूस ती काठोकाठ भरू देत नाही, शंभर-सव्वाशेला उठतो. माल घट्ट होत जातो. भागा. पाच-सहा. तेव्हा सहा वेळा म्हणजे जुलाब नव्हेत, ते भागाकाराचं उत्तर आहे.

हे त्यांना फार न समजावता पटलं. आयुष्य हिशेबात गेलेलं. दुसऱ्या भेटीला आले ते वेबिल, म्हणजे कंडक्टरचा फेरीच्या हिशेबाचा कागद, घेऊन. म्हणजे खरं वेबिल नव्हे, त्याच आखणीची वही : वेळ, कुठे, किती. ‘किती’साठी प्लास्टिकचं मापाचं भांडं, दर रविवारी चोवीस तास. आणि एक रकाना त्यांनी स्वतःचा वाढवला होता, ‘थांबलो’. निकड लागल्यापासून जाईपर्यंत किती मिनिटं दम धरता आला. पहिल्या आठवड्यात तिथे २, ३, १, ‘नाही’. सहाव्या आठवड्यात १५, २०. माझ्या मते या ऑपरेशननंतर विचारण्याजोगा खरा प्रश्न हाच. सहा वेळा जाणारा पण दोन मिनिटंही न थांबू शकणारा माणूस बसमध्ये चढू शकत नाही. आठ वेळा जाणारा आणि पाऊण तास थांबू शकणारा अमरावतीला जाऊन येतो.

याच काळातल्या दोन गोष्टी. पहिली, आग. लहान आतड्याच्या मालात पित्त आणि पाचक रस असतात, कातडी सोलून निघते. कागदाने न पुसता पाण्याने धुणं, टिपून कोरडं करणं आणि झिंक ऑक्साइडचा जाड थर. धुण्याच्या बाबतीत आपली पद्धत पुष्कळ बरी. दुसरी गोष्ट त्यांनी लाजत सांगितली. पाचव्या आठवड्यात एका रात्री नुसता वारा सरला, कपडे खराब झाले नाहीत, आणि त्यांनी बायकोला उठवून सांगितलं. आम्ही हसलो, पण ही बातमी मोठी होती. गुदद्वाराच्या वरच्या टोकाच्या अस्तराला वायू, पातळ आणि घट्ट यांतला फरक कळतो. जोडणी करताना त्या अस्तराची दीड-दोन सेंटिमीटरची पट्टी आम्ही राखतो ती त्याचसाठी. ऑपरेशनने दुखावलेले स्नायू आणि ती पारख परत यायला महिने लागतात.

ऑगस्टअखेर आकडा नऊवर आला होता. सप्टेंबरच्या मध्यात तो पुन्हा पंधरा झाला.

जवळच्या डॉक्टरांनी थैलीची सूज समजून अँटिबायोटिक दिलं. दहा दिवसांत फरक नाही, म्हणून दुसरं, आणि सोबत लोपेरामाइड वाढवलं. त्याने तर बिघडलंच. त्यांचा अंदाज वावगा नव्हता. थैलीची सूज, पाउचायटिस, ही या ऑपरेशननंतरची सगळ्यात नेहमीची तक्रार, जवळपास निम्म्या रुग्णांना कधी ना कधी होते. पण वहीत काय लिहिलंय ते कोणी बघितलं नव्हतं. मी रविवारची पानं शेजारी-शेजारी ठेवली. ऑगस्टचा शेवटचा रविवार : ९ वेळा, एकूण ७४० मिलिलिटर. सप्टेंबरचा शेवटचा : १५ वेळा, एकूण ७१०. खेपेला ऐंशीच्या जागी पन्नासही नाही. भाज्य तेवढाच, भाजक आकसला. सूज असती तर एकूण माल वाढायला हवा होता.

“बसल्यावर जोर करावा लागतो का?”

“लागते ना जी. दहा मिनिटं बसतो, थोडंसं होते, उठतो, हात धुतो, परत लागते. ब्रेक दाबून गाडी चालवल्यासारखं होऊन राहिलं.”

बोटाने तपासलं. जोडणीच्या जागी कडक कडं, करंगळीचं टोकही जाईना. मऊ पडदा होता तिथे व्रण भरताना घट्ट वळ धरला होता. बारीक दुर्बीण पलीकडे घातली तर थैलीचं अस्तर छान गुलाबी, आणि नुकतेच जाऊन आलेल्या माणसाच्या थैलीत दोनशे मिलिलिटर माल शिल्लक. म्हणजे थैली मोठी झालेली होती, वापरात मात्र वरचा थरच येत होता. अशा थैलीवर लोपेरामाइड देणं म्हणजे दार अडकलेल्या खोलीत आणखी सामान भरणं.

थैली रिकामी होण्याचा प्रश्न या ऑपरेशनाइतकाच जुना आहे. अ‍ॅलन पार्क्स आणि जॉन निकोल्स यांनी १९७८ मध्ये सेंट मार्क्समधून पहिल्या थैल्यांचं वर्णन छापलं तेव्हा त्यांची थैली ‘एस’च्या आकाराची होती, तीन पदरी, आणि तिच्या खाली आतड्याची एक नळी सोडलेली. धरायची उत्तम, पण रिकामी करायला पुष्कळ रुग्णांना नळी घालावी लागे. १९८० मध्ये जपानच्या उत्सुनोमिया यांनी ती खालची नळीच काढून टाकली आणि ‘जे’ थैली थेट गुदद्वारावर बसवली. आज जगभर बहुतेक ठिकाणी तीच करतात, कारण ती आपोआप रिकामी होते. दार उघडं असेल तर.

भूल देऊन हेगरच्या सळ्यांनी, एकेक मिलिमीटर वाढवत, कडं उघडलं. दुसऱ्या दिवशी आठ वेळा. तीन आठवड्यांनी पुन्हा थोडं आवळलं, पुन्हा उघडलं. तिसऱ्यांदा गरज पडली नाही. नाताळात सहा वेळा, रात्री एकदा, ‘थांबलो’ रकान्यात ४० ते ६०.

जानेवारीत त्यांनी कामाबद्दल विचारलं आणि लगेच सावजीबद्दलही. माझा अंदाज, दुसरा प्रश्न आधी विचारायचा होता. सावजी रस्सा दोनदा तिखट लागतो, खाताना एकदा आणि जाताना एकदा. ते सोसत असेल तर थैलीचं त्यात नुकसान नाही. भातासोबत, थोडा, आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटी नसताना. तर्री-पोह्याला तेच उत्तर. भात, केळं, उकडलेला बटाटा माल घट्ट करतात. त्यांना ज्वारीची भाकर मानवली, सगळ्यांना मानवतेच असं नाही. रात्रीचं जेवण सातच्या आत. पण ड्यूटीच्या दिवशी उपाशी राहायचं नाही. ही युक्ती प्रत्येक जण स्वतःच शोधून काढतो आणि फसतो. रिकाम्या थैलीत वायू आणि पित्ताचं पाणी जमतं, आणि त्याची निकड अन्नाच्या निकडीहून वाईट.

मार्चमध्ये त्यांनी पहिली लांबची फेरी केली, नागपूर-अमरावती, दीडशे किलोमीटर, तीन-सव्वातीन तास. वहीतलं ते पान मी फोटो काढून ठेवलंय : ‘गणेशपेठ ८.१० निघालो, जाऊन आलो. वाडी ठीक. बाजारगाव ठीक. कोंढाळी लागली, थांबलो. कारंजा ९.५५ गेलो. तिवसा ठीक. अमरावती ११.२०, गेलो.’ कोंढाळीपासून कारंज्यापर्यंतचा तो ‘थांबलो’ म्हणजे अर्ध्या तासाच्या वर. पिशवीत तिकिटाच्या मशीनशेजारी मिठाच्या पाण्याची लिटरची बाटली असते. मे अजून येतोच.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर आकडा पुन्हा तेरावर गेला. या वेळी त्यांनी फोनवरच सांगितलं, “मॅडम, भाज्य वाढला.” एकूण साडेअकराशे मिलिलिटर, पोटात कळा, अंग मोडून येणं, दोनदा रक्ताचा ठिपका. दुर्बिणीत अस्तर लालभडक, बारीक व्रण, बायोप्सीतही सूज. ही खरी पाउचायटिस. सिप्रोफ्लॉक्सासिन दोन आठवडे, चौथ्या दिवशी उतार. थैलीत जंतूंची वस्ती लहान आतड्याला सवय नसेल इतकी दाट होते, अस्तराची झालर आखूड होत ते हळूहळू मोठ्या आतड्यासारखं दिसू लागतं, आणि ज्यांना मुळात कोलायटिस होता त्यांच्यात ते अधूनमधून पेटतं. पॉलिपच्या आनुवंशिक आजारासाठी हीच थैली केलेल्यांना ही सूज क्वचितच होते, म्हणजे दोष शिवणीत नाही. पुन्हा झाली तर पुन्हा औषध. वारंवार होऊ लागली तर वेगळा विचार. अजून दुसऱ्यांदा झालेली नाही.

आज थैली सुरू होऊन अडीच वर्षं झाली. वर्षातून एकदा दुर्बीण, आणि बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व यांची तपासणी. बी-१२ शोषून घेणारा आतड्याचा तुकडा थैलीतच खर्ची पडलेला असतो, त्यांचं दुसऱ्या वर्षी उतरलं आणि इंजेक्शन सुरू केलं. दिवसाला सहा, कधी सात.

रात्रीची गळती मात्र आम्हाला पूर्ण थांबवता आलेली नाही. गाढ झोपेत स्नायू सैलावतात आणि महिन्यातून दोन-तीनदा डाग पडतो. निजताना लोपेरामाइडची एक गोळी देऊन बघितली, इसबगोल देऊन बघितलं, स्नायूंचे व्यायाम चालू आहेत. आधी आठवड्याला होत होतं, त्यापेक्षा बरं. बाजारचे पॅड त्यांना उन्हाळ्यात घामाने काचतात. म्हणून बायकोने सुती धोतराच्या जुन्या कापडाचे चार पदरी पॅड शिवले, अंतर्वस्त्राला आतून खिसा करून त्यात सरकतील असे. मागच्या भेटीत तिने त्यातले सहा आमच्या स्टोमा नर्सकडे दिले, धुऊन, इस्त्री करून, आणि मापाचा कागद वेगळा.